घडीची खाट आणि तंबूतली झोप

डिसेंबर-जानेवारीत पवनेच्या काठावर, मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांसाठी भंडारदऱ्याला किंवा सांदण दरीच्या निमित्ताने साम्रदला तंबूत मुक्काम करणारी कुटुंबं आता आजी-आजोबांनाही बरोबर नेतात. ही फार चांगली गोष्ट आहे. ज्यांना जमिनीवर झोपून उठणं जमत नाही, त्यांच्यासाठी मग घडीची खाट घेतली जाते. बहुतेक वेळा ती फोटो, किंमत आणि पिशवीवर छापलेली वजनक्षमता पाहून ठरते. रात्र मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरते. खाट तंबूत कुठे मावते, तिच्यावर काय अंथरलं आहे, झोपणारा पाठीवर झोपतो की कुशीवर, त्याचे गुडघे कसे आहेत, या सगळ्यांवर. खाट झोपणाऱ्याला फक्त जमिनीवरून उचलते. पुढचं सगळं आपल्याला जमवावं लागतं आणि नेमकं त्याच बाबतीत चुकीचे समज पक्के झाले आहेत.

आधी प्रकार पाहू. फुलीच्या आकाराच्या पायांची, लष्करी छावणीत असते तशी खाट साधारण ४० ते ४५ सेंमी उंच आणि ६ ते १० किलो वजनाची असते. दुसरी बुटकी, वाकवलेल्या नळ्यांच्या पायांची. ती जमिनीपासून जेमतेम १५-१६ सेंमी वर असते, तिचं वजन सव्वा ते अडीच किलो आणि किंमत मात्र बरीच जास्त. तिसरी लोखंडी नळ्यांची, मधोमध दुमडणारी, कडेने स्प्रिंगांवर कापड ताणलेली. घरी पाहुणे आले की काढतात ती बहुधा याच जातीची.

‘खाटेवर झोपलं की थंडी लागत नाही’

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. उघड्या जमिनीवर झोपलं की अंगातली उष्णता मातीत जाते, हे खरं. माती ओली असेल तर आणखी, कारण पाणी हे स्थिर हवेपेक्षा वीसपटीहून जास्त चांगलं उष्णतावाहक आहे. खाटेमुळे उष्णता जाण्याची ही वाट बंद होते, पण दुसरी उघडते. कापडाखाली आता मोकळी हवा असते आणि ती एका जागी थांबत नाही. तंबूच्या जाळ्यांतून आत आलेला वारा खाटेखालून फिरतो आणि पाठीजवळ तापलेली हवा सतत काढून नेतो. उन्हाळ्यात हीच गोष्ट सुखाची वाटते, जानेवारीच्या पहाटे हुडहुडी भरवते.

‘पण मी चांगली स्लीपिंग बॅग घेतली आहे,’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्या भरावात अडकलेल्या हवेची असते. अंगावरचा भराव फुललेला राहतो, अंगाखालचा आपल्याच वजनाने चपटा होतो आणि त्यातली हवा निघून जाते. त्यामुळे बॅग कितीही भारी असली तरी पाठीखाली तिचा उपयोग थोडाच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात कधीकधी दव गोठतं. अशा रात्री नुसत्या कापडी खाटेवरचा माणूस खाली जाड फोमच्या मॅटवर झोपलेल्या माणसाच्या आधी कुडकुडू लागतो.

उपाय साधा आहे. तीच मॅट खाटेवर अंथरायची. मॅटची ऊब धरून ठेवण्याची ताकद आर-व्हॅल्यू या आकड्याने सांगतात. तो आकडा मोजायची समान पद्धत ‘एएसटीएम’ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये एफ३३४० या नावाने आणली. त्यामुळे त्या पद्धतीने मोजलेले वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे आता एकमेकांशी ताडून पाहता येतात. दोन सेंमी जाडीच्या चांगल्या, बंद पेशींच्या फोमची आर-व्हॅल्यू साधारण २ असते. एकावर एक दोन मॅट घातल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. सह्याद्रीतल्या हिवाळी रात्रीला २ ते ३ पुरतात. हिमालयात बर्फावर तंबू लागणार असेल तर ४-५ किंवा त्याहून जास्त हवेत. शिवाय रिकाम्या सॅक, कपड्यांच्या पिशव्या, जादा सतरंज्या खाटेखाली सारून ठेवल्या की तिथला वारा अडतो. एवढ्यानेही फरक कळतो आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

मे महिन्यातल्या मुक्कामाला यातलं काही करू नये. भंडारदऱ्याला पावसाआधीच्या दमट रात्री उघड्या कापडावर एक पातळ सुती चादर, एवढंच अंथरूण सर्वांत सुखाचं. खालून वारा लागतो, घाम सुकतो.

मॅटऐवजी हवेची जाड गादी टाकली की ऊब जास्त मिळेल, असंही अनेकांना वाटतं. आत भराव नसलेल्या गादीत हवा मोकळी फिरते. वरच्या बाजूला तापते, खालच्या बाजूला थंड होते आणि हे चक्र रात्रभर चालू राहतं. अशा गादीची आर-व्हॅल्यू १ च्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी भरते. जाडी वीस सेंमी असली तरी त्यात फरक पडत नाही. संध्याकाळी ३० अंशांना फुगवलेली गादी पहाटे १२ अंशांना मऊ पडते आणि लोक भोक शोधत बसतात. त्यात भोक नसतं. गार झाल्याने आतल्या हवेचं आकारमानच सुमारे ६ टक्क्यांनी घटलेलं असतं. शिवाय अरुंद खाटेवर ही गादी घसरते आणि कुशीवर वळताना माणसाला कडेला लोटते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. थंडी वाजते म्हणून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायचा विचारही करू नका. बंद तंबूत कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच त्याची शुद्ध हरपते. आग कापडाला लागण्याचा धोका वेगळाच. ऊब हवी असेल तर गरम पाणी भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली मोज्यात घालून पायांशी ठेवा.

‘जितकी ताठ, तितकी पाठीला चांगली’

पाठ दुखणाऱ्याने फळीवर झोपावं, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. घडीची खाट घेतानाही लोक कापडावर मूठ आपटून ते किती ताठ आहे ते पाहतात. स्पेनमध्ये कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना कडक गाद्या दिल्या, काहींना मध्यम कडक. नव्वद दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं आढळलं. अभ्यास गाद्यांचा होता, खाटांचा नव्हता, पण शरीर तेच आहे. खांदा आणि कुल्ला थोडे रुतायला हवेत, कंबरेला खालून आधार मिळायला हवा. अगदी ताठ कापडावर कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांद्याच्या आणि कुल्ल्याच्या हाडांवर येतो आणि तासाभरात हाताला मुंग्या येतात.

उलट टोकही वाईटच. कापड इतकं सैल असेल की कंबर खाली जाते आणि डोकं व पाय वर राहतात, तर पाठीवर झोपणारा एखादी रात्र काढेल, पोटावर झोपणाऱ्याची कंबर मात्र धरते. म्हणून दुकानात मूठ आपटून भागत नाही. खाटेवर नेहमीच्या कुशीवर आडवं व्हा आणि किमान दहा मिनिटं तसेच पडून राहा. तेवढ्यात तीन गोष्टी कळतात. मधला आडवा दांडा कंबरेखाली किंवा मांडीखाली लागतो का. हात खाली सोडला की दंड कडेच्या नळीवर घासतो का. डोक्याकडचा दांडा उशीतून टोचतो का. यातली एकही गोष्ट दहा मिनिटांत जाणवली तर सहा तासांत ती असह्य होणार. दुकानातल्या इतर लोकांसमोर आडवं व्हायला संकोच वाटतो, मान्य आहे. तरीही व्हावं.

गावाकडच्या बाजेत ही सोय मुळातच होती. विणलेली सुतळी अंगाप्रमाणे झोल घेते, फार सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून पुन्हा ताणता येते. घडीच्या बहुतेक खाटांत असा ताण कमी-जास्त करता येत नाही. टोकाचा दांडा बसवला की जो ताण येईल तो येईल. नवी खाट उघडताना हा शेवटचा दांडा बसवणं अनेकांना इतकं जड जातं की आपण काहीतरी चुकत असल्याची शंका येते. नवं पॉलिएस्टर ताठच असतं. घरी चार-सहा दिवस उघडी ठेवून वापरली की ती नरमते. जाड सुती कॅनव्हासची असेल तर पावसाळी हवेत उलटा अनुभव येतो, कारण ओला सुती कपडा आकसतो आणि खाट आणखी ताणली जाते.

कापडाच्या संदर्भात ‘६०० डेनियर’, ‘९०० डेनियर’ हे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा किती जाड आहे एवढंच त्यावरून कळतं. खाट आरामदायी आहे का, हे त्यावरून कळत नाही आणि ती टिकेल का, हेही पूर्णपणे कळत नाही. खाटा फाटतात त्या बहुधा कडेच्या शिवणीवर, जिथे नळी आत सरकवलेली असते तिथे. ती शिवण दुहेरी आहे का, टोकांना जादा पट्टी लावली आहे का, हे बोट फिरवून पाहावं.

‘चार माणसांचा तंबू आहे, चार खाटा बसतील’

बसत नाहीत. तंबूवर लिहिलेला माणसांचा आकडा खाली मॅट टाकून खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्यांसाठी असतो. माणशी ५५ ते ६० सेंमी रुंदी धरलेली असते. खाट ६५ ते ७० सेंमी रुंद असते आणि तिच्यावरून उतरायला पाय टेकायची जागा लागते. चार माणसांच्या घुमटाकार तंबूत दोन खाटा आणि मधे वाट, हेच गणित बसतं.

उंचीचा हिशेब तर फारच थोडे लोक करतात. समजा, तंबू तळाशी २४० सेंमी रुंद आणि मध्यभागी १३० सेंमी उंच आहे. त्याच्या भिंती आत कलत जातात. ४५ सेंमी उंचीवर, म्हणजे खाटेच्या पातळीवर, ती रुंदी १६० सेंमीच्या आसपास उरते. भिंती किती फुगीर आहेत त्यावर ती थोडी कमी-जास्त होईल. दोन खाटा शेजारी ठेवल्या की बाहेरच्या बाजूचे खांदे आणि पाय कापडाला टेकतात. श्वासातली वाफ रात्री त्याच कापडावर पाणी होऊन बसते, स्लीपिंग बॅग ओली होते आणि सकाळी तंबू गळका निघाल्याची तक्रार होते. बसण्याचंही तेच. माणसाची बैठी उंची साधारण ८५ ते ९० सेंमी. त्यात खाटेचे ४५ मिळवले की १३० ते १३५ होतात, म्हणजे तंबूच्या अगदी मध्यभागीसुद्धा डोकं छताला लागणार. याच तंबूत १६ सेंमीची बुटकी खाट टाकली तर मध्यभागी आरामात बसता येतं. उंच खाट हवीच असेल तर भिंती जवळपास सरळ असलेला, उभं राहता येईल असा तंबू लागतो. आधी तंबू मोजा, मग खाट बघा.

खाटेची लांबी पाहतानाही छापलेला आकडा बाहेरून बाहेर मोजलेला असतो हे लक्षात ठेवावं. पाठीवर झोपलं की पावलं पुढे जातात, उशी माणसाला खाली सरकवते. आपल्या उंचीपेक्षा निदान १५ सेंमी लांब खाट घ्यावी.

तंबूच्या तळाची काळजी वेगळी. ऐंशी किलोचा माणूस फुलीच्या पायांच्या खाटेवर झोपला की ते सगळं वजन मोजक्या टोकांवर येतं, खाली खडा असेल तर तळाला भोक पडतंच. प्रत्येक पायाखाली जुन्या फोमचा किंवा प्लायवूडचा तुकडा ठेवावा, बाहेरून तंबूखाली एक जादा ताडपत्री घालावी. खाट आहे म्हणून जमीन कशीही चालेल, हाही समज सोडून द्यावा. पाय वरखाली टेकले तर सांगाडा पिळतो, रात्रभर करकरतो आणि एखाद्या जोडावरच सगळा भार येऊन तो तुटतो. सपाट जागा शोधावी. थोडा उतार असलाच तर डोकं चढाच्या बाजूला ठेवावं.

छापलेल्या वजनक्षमतेबद्दल थोडक्यात. तो आकडा खाटेवर पसरून झोपलेल्या, हालचाल न करणाऱ्या भाराचा असतो. कडेवर धप्पकन बसणं, मुलांनी उड्या मारणं, दोघांनी एका टोकाला बसणं, यात काही क्षण त्याहून कितीतरी जास्त भार एका नळीवर येतो. झोपणाऱ्याच्या वजनापेक्षा ३०-४० किलो जास्त क्षमता असलेली खाट निवडावी. टोकाच्या पायांच्या पलीकडे बसू नये, खाट उलटते.

वयस्कर माणसांसाठी उंची हाच पहिला निकष. नेहमीच्या खुर्चीची बैठक ४५ सेंमीच्या आसपास असते आणि तेवढ्या उंचीवरून गुडघ्यांना फार त्रास न होता उठता येतं. १६ सेंमीच्या महागड्या, हलक्या खाटेवरून उठणं आणि जमिनीवरून उठणं यात दुखऱ्या गुडघ्याला फरक वाटत नाही. आजीसाठी खाट घेताना हलकेपणाचे पैसे मोजू नयेत, उंचीचे मोजावेत आणि तिला साजेसा उभा तंबू भाड्याने घ्यावा.

‘खाटेवर साप-विंचवाची भीती नाही’

धोका कमी होतो, संपत नाही. आपल्याकडचा मण्यार रात्री फिरतो आणि त्याचे दंश बरेचदा जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. दंश इतका हलका जाणवतो की जाग येईलच असं नाही. नंतर पोटात दुखतं, पापण्या जड होतात, श्वास घ्यायला त्रास होऊ लागतो. जमिनीपासून वर झोपणं म्हणूनच महत्त्वाचं आहे. पण जमिनीवर लोळणारी चादर किंवा स्लीपिंग बॅग ही वर चढायची सोपी वाट असते. आग्नेय नेपाळमधल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना झोपेत सर्पदंश होण्याचं प्रमाण कमी आढळलं होतं. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उघड्यावर खाट टाकली तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचाव्यात. खाली लोंबणाऱ्या मच्छरदाणीत डास खालून शिरतात आणि ताणलेल्या पातळ कापडातूनही चावतात.

तंबूत सगळ्यात मोठं संरक्षण म्हणजे चेन. ती संध्याकाळपासून पूर्ण बंद असावी, मुलं आत-बाहेर करत असली तरी. बूट आतच ठेवावेत आणि घालण्याआधी झटकावेत. कोकणात लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यू खूप घटले, पण त्यासाठी रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचावा लागतो. मुक्कामाच्या जागेपासून प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, हे तंबू लावण्याआधी विचारून ठेवा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यात वेळ न घालवता थेट तिथेच जायचं.

‘खरा ट्रेकर खाट वापरत नाही’

घडीची खाट हे आजकालच्या मऊ माणसांचं खूळ नाही. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यात तीन भागांत दुमडणारा, धातूच्या बिजागऱ्यांचा प्रवासी पलंग होता. म्हणजे ही कल्पना तीन हजारांहून अधिक वर्षं जुनी. नेपोलियन मोहिमांवर घडीचा लोखंडी पलंग नेत असे आणि १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर त्याने प्राण सोडला तोही तशाच पलंगावर. खाट कुठे न्यायची, हा मात्र खरा प्रश्न आहे. हरिश्चंद्रगड चढून कोकणकड्याकडे जाताना दोन किलोची खाटही पाठीवर जड होते. तिथे मॅटच न्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी तंबूच्या दारापर्यंत जाणार असेल तर मात्र खाट न नेता पाठदुखी ओढवून घेण्यात काही शौर्य नाही.

काशीद, दिवेआगर किंवा तारकर्लीला नेणार असाल तर पायांखाली फळीचे तुकडे हवेतच, नाहीतर पाय वाळूत रुततात. खाऱ्या हवेत लोखंडी नळ्यांचा रंग जिथे उडाला असेल तिथून गंज सुरू होतो. ॲल्युमिनियमवर तांबडा गंज येत नाही, पण मिठाने त्यालाही बारीक खड्डे पडतात. घरी आल्यावर सगळे जोड गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच घडी घालावी. लाकडी पायांचे जोड करकरत असतील तर त्यांवर मेणबत्ती घासावी.

विकत घेण्याआधी एकदा भाड्याने किंवा मित्राची घेऊन पाहिली तर उत्तम. ते शक्य नसेल तर नवी खाट पहिल्यांदा घराच्या गच्चीवर, ज्या मॅटवर आणि ज्या पांघरुणात तंबूत झोपणार त्यांच्यासकट, एक पूर्ण रात्र वापरा. दुकानदाराची परत घेण्याची मुदत संपायच्या आत.